नाण्यांचा दुष्काळ आणि यंत्राची साक्ष

१/
स्पेस इन्व्हेडर्स या खेळाने १९७८ साली जपानमधील शंभर येनची नाणी संपवली आणि सरकारला नाण्यांचे उत्पादन वाढवावे लागले, ही कथा व्हिडिओ गेमच्या इतिहासावरील कितीतरी पुस्तकांत, माहितीपटांत आणि समाजमाध्यमांवरील टिपणांत आढळते. कथा सुंदर आहे, पण खरी नाही. ती खरी नाही हे दाखवणे सोपे आहे. ती चार दशके का टिकली आणि तिच्यामुळे काय झाकले गेले, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. ही मालिका त्या प्रश्नाविषयी आहे.

२/
आधी हिशेब. शंभर येनच्या नाण्यांचे वार्षिक उत्पादन सार्वजनिक नोंदींत उपलब्ध आहे. खेळाची लाट ज्या दोन वर्षांत शिगेला पोहोचली, त्या १९७८ आणि १९७९ मध्ये ही नाणी १९७७ पेक्षाही कमी पाडली गेली आणि १९८० पेक्षाही कमी. टंचाई होती असे मानले, तर टांकसाळीने टंचाईच्या काळात हात आखडता घेतला असेही मानावे लागेल.

३/
दुसरी गोष्ट साध्या व्यवहाराची. यंत्रात टाकलेले नाणे नाहीसे होत नाही. यंत्राचा मालक पेटी उघडतो, नाणी मोजतो, बँकेत भरतो आणि तीच नाणी पुन्हा बाजारात येतात. नाण्यांनी पेटी भरली आणि यंत्र बंद पडले, तर नुकसान मालकाचेच. म्हणजे यंत्र जितके लोकप्रिय, तितकी त्याची पेटी वारंवार रिकामी होणार. इतका विचार कोणताही किराणा दुकानदार करू शकतो. तो इतिहासलेखकांनी फार उशिरा केला.

४/
मराठी वाचकाला या परिस्थितीचे नवल वाटू नये. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून महाराष्ट्रात एक प्रश्न वारंवार विचारला गेला आहे: हे बखरीत आहे की अस्सल कागदात? बखर टाकाऊ नसते. लोकांना काय आठवावेसे वाटले, हे ती सांगते. मात्र घडले काय, हे ठरवताना अस्सल कागदाचा मान पहिला.

५/
व्हिडिओ गेमच्या इतिहासात बखरी उदंड आहेत. कोणत्या खेळाने किती पैसे मिळवले, कोणत्या खेळापुढे रांगा लागल्या, कोणता निर्माता रात्रभर जागला, याच्या कथा पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात. अस्सल कागद मात्र कोणी उघडत नाही. येथे अस्सल कागद म्हणजे खेळाचे यंत्र, त्यातील चिप आणि त्या चिपमध्ये कोरलेला प्रोग्रॅम. शूटर खेळांचा इतिहास विक्रीच्या विक्रमांतून न वाचता या साधनांतून वाचला पाहिजे, हे या मालिकेचे प्रतिपादन आहे.

६/
पहिले उदाहरण स्पेस इन्व्हेडर्सचेच. तायतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेल्या या खेळात पाच रांगांत प्रत्येकी अकरा, असे पंचावन्न आक्रमक असतात. यंत्रात इंटेलचा ८०८० हा प्रोसेसर आणि अवघा आठ किलोबाइटचा प्रोग्रॅम. पडदा कृष्णधवल, रंगाचा भास काचेवर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्यांनी निर्माण केलेला. या लेखातील शब्द त्या आठ किलोबाइटमध्ये मावले नसते.

७/
हा खेळ खेळलेल्या प्रत्येकाला एक अनुभव आठवतो. आक्रमक कमी होत जातात तसे उरलेले अधिक वेगाने सरकतात आणि अखेरचा एकटा तर पळतच सुटतो. प्रोग्रॅम उघडून पाहिला की कारण सापडते. पडदा सेकंदाला सुमारे साठ वेळा नव्याने रेखाटला जातो आणि दर वेळी एकच आक्रमक पुढे सरकवला जातो. पंचावन्न जण असताना सर्वांचे एक पाऊल पडायला जवळपास एक सेकंद लागतो. एकच उरला की तो प्रत्येक वेळी पाऊल टाकतो.

८/
म्हणजे ज्या चढत्या तणावाला पुढे ‘डिफिकल्टी कर्व्ह’ म्हटले गेले आणि जो जवळपास प्रत्येक शूटर खेळाचा कणा झाला, त्याचा उगम यंत्राच्या दुबळेपणात आहे. निशिकादो यांनी नंतर मुलाखतींत सांगितले की हा परिणाम त्यांना काम करताना दिसला आणि त्यांनी तो तसाच ठेवला. पण मुलाखत ही उत्तरकालीन साक्ष. स्मृती घटनेला नीटनेटके रूप देते. या साक्षीला आधार देणारे काही मूळ साधनात आहे का?

९/
आहे. खेळाच्या पार्श्वभूमीला चार खर्जातील स्वर सतत वाजत राहतात, छातीच्या ठोक्यांसारखे. आक्रमक कमी होतात तसे हे ठोकेही जलद होतात. ही गती मात्र आपोआप बदलत नाही. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी स्वतंत्र कोष्टक आहे: इतके आक्रमक उरले असता दोन ठोक्यांमध्ये इतके अंतर. कोणीतरी बसून ते आकडे ठरवले आहेत.

१०/
या कोष्टकाचे महत्त्व मोठे आहे. पावलांचा वेग हा अपघात होता. ठोक्यांचा वेग हा निर्णय होता. निर्मात्याने अपघात पाहिला, त्याचे मोल ओळखले आणि खेळाडूच्या कानाला तो जाणवावा म्हणून त्याला जोडीचा ध्वनी दिला. निशिकादो यांची मुलाखत हरवली असती, तरी हा निष्कर्ष काढता आला असता. अस्सल कागद बोलतो तो असा. नाण्यांच्या कथेत हे कोष्टक कुठेच नाही.

११/
समकालीन कागदही दुर्लक्षून चालणार नाही. २० मे १९८१ रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये मजूर पक्षाचे खासदार जॉर्ज फोक्स यांनी एक विधेयक मांडण्याची परवानगी मागितली. स्पेस इन्व्हेडर्स आणि तत्सम इलेक्ट्रॉनिक खेळांच्या यंत्रांवर स्थानिक संस्थांना नियंत्रण ठेवता यावे, असा त्याचा हेतू होता. ठराव ९४ विरुद्ध ११४ मतांनी फेटाळला गेला. वीस मतांचे अंतर.

१२/
एका खेळाच्या नावाने कायदा करण्यास ९४ लोकप्रतिनिधी तयार होते, ही नोंद नाण्यांच्या दंतकथेपेक्षा कितीतरी अधिक सांगते. लोकप्रियतेपेक्षा भीतीचे मोजमाप येथे मिळते. मुले शाळा बुडवतील, पैसे उधळतील, बिघडतील. नाटक, तमाशा, सिनेमा, कादंबरी यांच्याविषयी प्रत्येक पिढीतील वडीलधारे हेच बोलत आले आहेत. फरक एवढाच की येथे तारीख, वक्ता आणि मतांची संख्या हाताशी आहे.

१३/
आता दुसरा खेळ: अटारी कंपनीचा मिसाइल कमांड, १९८०. रचनाकार डेव्ह थ्यूरर. पडद्याच्या तळाशी सहा शहरे आणि तीन क्षेपणास्त्र तळ. वरून अण्वस्त्रांचा वर्षाव. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या होत्या आणि शीतयुद्ध पुन्हा तापले होते. या खेळाच्या घडणीच्या काळात अणुयुद्धाची दुःस्वप्ने पडत, असे थ्यूरर यांनी पुढे सांगितले आहे. ती साक्ष हृदयस्पर्शी आहे, पण तीही उत्तरकालीनच.

१४/
यंत्र काय सांगते? या खेळात विजय नाही. खेळाडू शत्रूच्या भूमीवर एकही अस्त्र टाकू शकत नाही. तो केवळ येणारी अस्त्रे हवेत फोडतो. लाटा वाढत जातात आणि शेवटी सर्व शहरे जळतात. त्या क्षणी पडद्यावर खेळ संपल्याची नेहमीची सूचना येत नाही. एका स्फोटातून दोन शब्द उमटतात: ‘द एंड’. शेवट.

१५/
शूटर खेळ म्हणजे हिंसेचा उत्सव, असे ठोकळेबाज विधान करणाऱ्यांनी हा पडदा एकदा पाहावा. दुसरीकडे, या खेळाला शांततावादी घोषणापत्र ठरवणाऱ्यांनीही जरा थांबावे. तेच यंत्र खेळाडूकडून पुढचे नाणे मागते, दर ठरावीक गुणांना एक शहर परत देते आणि सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांची आद्याक्षरे मिरवते. भय आणि धंदा, दोन्ही एकाच पेटीत आहेत. जसे आहे तसे साधन वाचले, तर दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात.

१६/
आर्केडमधून घरातल्या कन्सोलकडे येताच इतिहासप्रेमींच्या ओळखीचा एक प्रश्न उभा राहतो. तो म्हणजे पाठभेद. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. देशभरातील हस्तलिखिते ताडून कोणता श्लोक कोठे आहे आणि कोठे नाही, हे त्यात नोंदवले गेले. व्हिडिओ गेमलाही अशी चिकित्सा हवी, कारण एकाच नावाखाली अनेक ग्रंथ नांदत असतात.

१७/
उदाहरणार्थ, १९८० साली अटारी २६०० या कन्सोलवर आलेला स्पेस इन्व्हेडर्स. पंचावन्न आक्रमकांचे येथे छत्तीस झाले, चार ढालींच्या तीन झाल्या. त्या कन्सोलची कामाची स्मृती १२८ बाइट होती, किलोबाइट नव्हे. चित्र साठवून ठेवायला जागाच नसल्याने टीव्हीचा किरण पडद्यावर जसा सरकेल, तशी ओळ न ओळ प्रोग्रॅमला रचावी लागे. अमेरिकेतील लाखो घरांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ म्हणून ओळखला तो हा पाठ, तायतोचा नव्हे.

१८/
त्याच १२८ बाइटच्या यंत्रावर कॅरोल शॉ यांनी १९८२ साली रिव्हर रेड रचला. प्रकाशक होती ॲक्टिव्हिजन. निर्मात्यांना नाव आणि श्रेय मिळत नाही म्हणून अटारी सोडलेल्या प्रोग्रॅमरांच्या पुढाकाराने १९७९ साली ती स्थापन झाली होती. रिव्हर रेडमध्ये खेळाडूचे विमान एका नदीवरून उडते. नदी रुंद होते, अरुंद होते, दुभंगते, पुन्हा जुळते. चार किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये एवढी नदी कशी मावली?

१९/
उत्तर असे की ती साठवलेलीच नाही. एका ठरलेल्या अंकापासून सुरुवात करून गणिती क्रियेने पुढचा अंक, त्यातून त्यापुढचा, अशी मालिका तयार होते आणि तिच्यातून काठ, बेटे, इंधनाची कोठारे उमटत जातात. आरंभीचा अंक बदलत नसल्यामुळे नदी दर वेळी तीच असते. नदी लिहून ठेवण्याऐवजी शॉ यांनी नदीचा नियम लिहिला. संगणकशास्त्रातील या कौशल्याची थोरवी विक्रीच्या आकड्यांतून कधीच कळणार नाही.

२०/
याच खेळाविषयी एक सरकारी निर्णयही आहे. १९८४ साली पश्चिम जर्मनीत युवकांसाठी घातक साहित्याची यादी ठेवणाऱ्या शासकीय मंडळाने रिव्हर रेडला त्या यादीत टाकले. अशा यादीत गेलेली वस्तू अल्पवयीनांना विकता येत नाही, तिची उघड जाहिरात करता येत नाही. खेळ मुलांना निमलष्करी वळण लावतो, अशी मंडळाची भूमिका होती. २००२ मध्ये तो यादीतून वगळला गेला. चार किलोबाइटचे विमान अठरा वर्षे नजरकैदेत होते.

२१/
या निर्णयाला हसणे सोपे आहे. हसण्याआधी संदर्भ पाहावा. विसाव्या शतकात लष्करी संस्कारांची किंमत ज्या समाजाने मोजली, तो समाज मुलांच्या हातातील खेळण्याकडे वेगळ्या नजरेने पाहणार, हे समजण्यासारखे आहे. निर्णय अतिरेकी होता, हे मत ठामपणे मांडता येते. मात्र तो अतिरेक कोणत्या जखमेतून आला, हे सांगितल्याखेरीज ते मत इतिहासाचे होत नाही.

२२/
त्या जखमेचा ठसा आणखी एका खेळाच्या पाठांत स्पष्ट दिसतो. तो खेळ महाराष्ट्रातील एका पिढीला तोंडपाठ आहे. कोनामीचा काँट्रा, आर्केडमध्ये १९८७. पुढच्या वर्षी तो निन्टेंडोच्या घरगुती यंत्रांवर आला: जपानमध्ये फॅमिकॉमवर, अमेरिकेत एनईएसवर. जपानी कार्ट्रिजमध्ये कोनामीची खास चिप होती. त्यामुळे टप्प्यांच्या मधे नकाशा आणि कथादृश्ये येत, झाडांची पाने हलत, बर्फाच्या टप्प्यात हिमवर्षाव होई. अमेरिकी कार्ट्रिजमध्ये यांतले काहीच नव्हते.

२३/
कथाही बदलली. जपानी पाठात काळ इसवी सन २६३३ चा आणि स्थळ एक द्वीपसमूह. अमेरिकी माहितीपुस्तिकेने तीच लढाई वर्तमानकाळात, दक्षिण अमेरिकेच्या जंगलात आणून ठेवली. आणि १९९० साली युरोपात हाच खेळ ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने आला, तेव्हा त्यातील माणसेच नाहीशी झाली. नायक यंत्रमानव, शत्रूही बहुतांशी यंत्रमानव. जर्मनीतील कडक नियमांतून वाट काढण्यासाठी केलेला हा बदल होता. बंदूक तीच, उडी तीच. फक्त रक्तामांसाचा देह वगळला.

२४/
तीन प्रदेश, तीन पाठ आणि त्यांतून तीन समाजांच्या तीन चिंता. आता चौथा पाठ पाहावा, ज्याची दखल कोणत्याही आंतरराष्ट्रीय ग्रंथात क्वचितच घेतली जाते. नव्वदच्या दशकात भारतीय घरांत मूळ निन्टेंडोचे यंत्र सहसा नसे. होत्या त्या फॅमिकॉमच्या नकला, आणि कार्ट्रिजला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. एका कॅसेटवर शेकडो खेळ असल्याचे लिहिलेले असे; प्रत्यक्षात थोडेच खेळ वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू होत यादीत पुन्हा पुन्हा येत.

२५/
या कॅसेटींवरील काँट्रा बहुधा कथादृश्यांविना, नकाशाविना असे. म्हणजे पुणे, नाशिक किंवा सोलापुरातील मुलांनी वाचला तो पाठ जपानी यंत्राच्या नकलेवर चालणारा आणि रूपाने अमेरिकी वळणाचा. कोणत्याही प्रकाशकाने तो पाठ अधिकृतपणे येथे पाठवलेला नव्हता. कथा नव्हती, माहितीपुस्तिका नव्हती, निर्मात्याचे नाव नव्हते. शत्रू कोण आणि लढाई कशासाठी, हे खेळणाऱ्यांनी आपापसांत ठरवले.

२६/
‘पण ती तर चोरीची प्रत!’ असा आक्षेप येईल. कायद्याच्या दृष्टीने तो योग्यच आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र अपुरा आहे. बनावट सनद जमिनीचा हक्क सिद्ध करू शकत नाही. पण ती बनावट का आणि कशी केली गेली, याचा ती अव्वल पुरावा असते. त्याचप्रमाणे नकली कॅसेट हा कोनामीच्या इतिहासाचा गौण पुरावा आणि भारतीय बालपणाच्या, बाजाराच्या, आयातीच्या इतिहासाचा प्रमुख पुरावा आहे.

२७/
येथवर साधनांचे महत्त्व मांडले. आता त्यांची अवस्था. ती चिंताजनक आहे. कॅपकॉमने १९९३ पासून वापरलेल्या सीपीएस-२ या आर्केड यंत्रणेत प्रोग्रॅम कुलूपबंद असे आणि त्याची किल्ली बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या स्मृतीत ठेवलेली असे. नकला रोखणे हा उद्देश. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि यंत्र कायमचे मुके होई. गिगा विंगसारखा १९९९ चा शूटर अशाच यंत्रात राहत होता.

२८/
ही कुलपे पुढे कंपनीने उघडली नाहीत. ती जगभरातील हौशी अभ्यासकांनी चिकाटीने उघडली. १९९७ मध्ये सुरू झालेल्या मेम या प्रकल्पाने हजारो आर्केड यंत्रांचे वर्तन आजच्या संगणकावर पुन्हा उभे केले. या कामाचा बराचसा भाग कायद्याच्या धूसर सीमारेषेवर झाला. तरीही वस्तुस्थिती अशी की या खेळांचा अभ्यास आज शक्य आहे, तो प्रामुख्याने या बिनपगारी दप्तरदारांमुळे.

२९/
शिवाय प्रोग्रॅम वाचला म्हणजे खेळ वाचलाच असे नाही. केव्ह कंपनीच्या डोडोनपाचीसारख्या (१९९७) खेळांत पडदा गोळ्यांनी भरला की यंत्र मंदावते आणि त्या मंदपणाचा फायदा घेऊन निष्णात खेळाडू वाट काढतो. वेगवान संगणकावर तो मंदपणा नीट उतरला नाही, तर खेळ बदलतो. निन्टेंडोच्या डक हंटची बंदूक तर जुन्या काचनळीच्या टीव्हीच्या प्रकाशावर आणि वेळेवर अवलंबून. आजच्या सपाट टीव्हीसमोर ती आंधळी आहे, कॅसेट शाबूत असली तरी.

३०/
‘कंपन्या जुने खेळ पुन्हा विकतात की!’ हा दुसरा आक्षेप. काही विकतात. पण २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत. पुनर्प्रकाशन ही प्रकाशकाची निवड असते. खपेल ते छापले जाते. केवळ पुन्हा छापलेल्या पुस्तकांवर एखाद्या शतकाचा वाङ्मयेतिहास लिहिला, तर त्याला कोणी इतिहास म्हणेल काय?

३१/
ग्रंथालयांनी संशोधकांना असे खेळ दूरस्थपणे पाहता यावेत म्हणून अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात सवलत मागितली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारण्यात आली. लोक संशोधनाच्या नावाखाली मौज म्हणून खेळतील, ही विरोधकांची मुख्य भीती. निर्मात्यांचे हक्क खरे आहेत आणि ते राखलेच पाहिजेत. पण जो खेळ कोणी विकतच नाही, त्याच्या अभ्यासाने नेमके कोणाचे उत्पन्न बुडते? मौजेच्या भीतीने दप्तरखाना बंद ठेवण्याची ही रीत कादंबरीला कोणी लावत नाही.

३२/
मान्यतेची कमतरता नाही, हेही नोंदवावे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१३ मध्ये स्पेस इन्व्हेडर्स आपल्या संग्रहात घेतला. २०१६ मध्ये तो रोचेस्टर येथील वर्ल्ड व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. मोजक्या शिखरांचा सन्मान झाला, पण दऱ्याखोऱ्यांची नोंद राहिली. इतिहास बहुतेक वेळा दऱ्याखोऱ्यांतच घडतो. महाराष्ट्रातील गल्लीबोळांतले व्हिडिओ गेम पार्लर तर कोणत्याच संग्रहालयाच्या नकाशावर नाही.

३३/
तरुण इतिहासप्रेमींना येथे काम आहे, आणि त्यासाठी पदवी लागत नाही. माळ्यावरची कॅसेट भंगारात देण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंचे, आतील पट्टीचे छायाचित्र घ्यावे. ती कोठे, साधारण कोणत्या साली, किती रुपयांना घेतली, हे घरच्यांना विचारून लिहावे. जुन्या पार्लरच्या मालकाशी बोलावे आणि त्याचे म्हणणे त्याची आठवण म्हणूनच, तारखेसह नोंदवावे. खेळ सुरू करून यादी, पहिला पडदा, वगळलेली दृश्ये टिपावीत. शंभर जणांनी हे केले, तर चौथ्या पाठाच्या चिकित्सेला सुरुवात झाली असे म्हणता येईल.

३४/
आणि दंतकथा पुढे पाठवण्याआधी एक प्रश्न विचारावा: हे बखरीत आहे की यंत्रात? शंभर येनच्या नाण्यांची कथा टिकली, कारण ती सांगायला एक वाक्य पुरते. ठोक्यांचे कोष्टक झाकले गेले, कारण ते पाहायला प्रोग्रॅम उघडावा लागतो. पहिल्यातून खेळाने किती कमावले एवढेच समजते, तेही चुकीचे. दुसऱ्यातून एका माणसाने आठ किलोबाइटच्या चौकटीत काय पाहिले, ते समजते. चिप गंजत आहेत, बॅटऱ्या विझत आहेत, कॅसेटी भंगारात जात आहेत. त्या संपल्या की वादच उरणार नाही. फक्त बखर उरेल.